दहा दिवस घानात: उत्तरेचे हत्ती सोडा, किनारा आणि कुमासी धरा

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची घानाच्या राजधानीत, अक्राला बदली झालीय, जानेवारीअखेर बारा वर्षांच्या मुलाला घेऊन दहा दिवस जाणार आहात, घरात मांसमासे चालत नाहीत, आणि घानात पाहण्यासारखं नेमकं काय आहे ते विचारलंय. मी तेमा बंदराजवळ चार वर्षं राहिलोय. इतक्या आपुलकीनं त्या देशाबद्दल कुणी विचारलं की बरं वाटतं.

आधी एक नकार. आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना हत्ती-सिंह आठवतात, आणि घानातला सगळ्यात मोठा प्राणी-प्रदेश, मोले राष्ट्रीय उद्यान, खरंच सुंदर आहे. कोरड्या दिवसांत हत्ती पाणवठ्यावर उतरतात, तेव्हा रेंजरबरोबर पायी जवळून बघता येतात. वाटेत लाराबंगाची मातीची जुनी मशीद आहे, भिंतींतून लाकडाचे वासे बाहेर आलेली. पण ते सगळं पार उत्तरेला. दहापैकी तीन-चार दिवस गाडीत जातील, लहान मुलासोबत नको. नवरा तिथेच आहे, तर मोले पुढच्या खेपेला. या वेळी अक्रा, केप कोस्ट आणि कुमासी एवढंच धरा आणि निवांत बघा.

सगळ्यात जास्त वेळ केप कोस्टला द्या. पहिल्यांदा मी कंपनीच्या सहलीतून गेलो होतो. दोन तासांत किल्ला उरकून आम्हाला जेवायला नेलं. ती चूक मला अजून लागते. तिथे घाई करू नये. अक्राहून तीनेक तासांचा रस्ता आहे, मुक्कामच करा.

समुद्राला लागून पांढरा शुभ्र किल्ला, गुलामांच्या व्यापाराचं जुनं ठाणं, तोफा ओळीनं समुद्राकडे तोंड करून. वरचं सगळं हवेशीर. खाली पुरुष गुलामांच्या कोठड्या आहेत. छताजवळ हाताच्या पंजाएवढी भोकं, उजेड आणि हवा तेवढ्यातूनच. शेकडो माणसं तिथे महिनोन् महिने कोंडलेली असायची. पायाखालचा काळा कडक थर गाइड दाखवतात. तो मातीचा नाही, माणसांच्या घाणीचा आहे, दाबून दाबून दगडासारखा झालेला. मग ते दिवा मालवतात आणि काही क्षण कुणीच बोलत नाही. त्या कोठड्यांच्या बरोबर वर चर्च होतं. वर प्रार्थना, खाली ते.

शेवटी एक दरवाजा येतो, ‘परत न येण्याचा दरवाजा’. इथून माणसं जहाजांवर चढवली, ती कायमची गेली. दरवाजा उघडला की आज समोर गजबजलेला कोळीवाडा आहे. एकाच झाडाच्या खोडातून कोरलेल्या रंगीबेरंगी लांब होड्या, त्यांच्यावर लिहिलेली बायबलची वचनं, जाळी विणणारी माणसं, ओरडत पळणारी पोरं. मागे वळून बघितलंत तर दरवाजाच्या बाहेरच्या बाजूला ‘परत येण्याचा दरवाजा’ अशी पाटी आहे. १९९८ मध्ये जमैका आणि अमेरिकेतून दोन गुलामांचे अवशेष याच दारातून आत आणले आणि जवळच्या असिन मान्सो इथे पुन्हा पुरले. त्या गावच्या नदीत बंदिवानांना किल्ल्यात नेण्याआधी शेवटची आंघोळ घालत. मुलाला आधी सगळं समजावून सांगा आणि मगच न्या, पण न्या नक्की. बारा वर्षांच्या मुलाला हे कळतं.

बाजूच्या एल्मिनाचा किल्लाही बघा. पोर्तुगिजांनी तो १४८२ मध्ये बांधला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या सोळा वर्षं आधी. वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला तिथे ओळखीचं काहीतरी दिसतंच. जाणार असाल तर मंगळवार गाठा. त्या किनाऱ्यावरचे कोळी मंगळवारी समुद्रात जात नाहीत, दिवस पाळतात. सगळ्या होड्या वाळूवर ओढलेल्या असतात आणि लोक बोलायला मोकळे असतात.

केप कोस्टहून तासाभरावर काकुमचं जंगल. उंच झाडांना बांधलेले सात झुलते पूल, एकूण सुमारे ३५० मीटर, जमिनीपासून ४० मीटरपर्यंत उंच. मुलाला हेच सगळ्यात जास्त आवडेल. सकाळी उघडताच जा, नंतर गर्दीत रांग लागते.

कुमासीत लोक असांते राजांचा राजवाडा बघतात. बघा, पण तुम्ही बोनविरेला जा. शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावरचं हे केंटे, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं रंगीत कापड, विणणाऱ्यांचं गाव. पूर्वापार पुरुषच विणतात. माग इतका अरुंद की पट्टी जेमतेम चार बोटं रुंद निघते, आणि अशा वीस-पंचवीस पट्ट्या शिवून एक वस्त्र होतं. विणकराचे पाय बघा. मागावरचे उभे धागे खालीवर करणाऱ्या दोऱ्या पायाच्या बोटांत धरलेल्या असतात. ताण्याचं, म्हणजे त्या उभ्या धाग्यांचं, दुसरं टोक खूप लांब, एका लाकडी घसरगाडीला बांधलेलं आणि तिच्यावर मोठा दगड ठेवलेला. जसजसं विणून होतं तसतसा तो दगड जमिनीवरून सरकत विणकराकडे येतो. येवल्याला मागावर बसलेले कारागीर पाहिले असतील, तर तुमचे हात आपोआप त्या पट्टीवर फिरतील. प्रत्येक नक्षीला नाव असतं, विचारा, ते आनंदानं सांगतात. घ्यायचंच असेल तर हातमागाचीच पट्टी घ्या. बाजारातलं पुष्कळसं केंटे छापील असतं, उलटी बाजू पाहिली की कळतं. एक पट्टी भिंतीवर लावली तरी घर उजळतं.

जवळच न्तोन्सो गावात अडिंक्रा, म्हणजे अर्थ असलेली चिन्हं, कापडावर छापतात. झाडाच्या सालीचा रस उकळून काळा रंग करतात आणि भोपळ्याच्या कवटीतून कोरलेले ठसे वापरतात. मान मागे वळवलेला पक्षी, ‘सांकोफा’, तिथे कुठेही दिसेल. अर्थ, मागे जा आणि राहिलेलं घेऊन ये.

असांतेंच्या, म्हणजे कुमासीकडच्या लोकांच्या पंचांगात सहा आठवड्यांनी एका रविवारी ‘अक्वासिदाए’ येतो, तेव्हा असांतेहेने, म्हणजे तिथले राजे, दरबार भरवतात. सोन्याचे दागिने, छत्र्या, ढोल. तुमच्या तारखांत बसतो का ते आधी पाहा, बसत असेल तर बाकी सगळं त्याच्याभोवती जुळवा.

अक्रात घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांचं स्मारक थोडक्यात उरका. १९५७ मध्ये ६ मार्चला स्वातंत्र्याची घोषणा झाली तीच जागा. संध्याकाळ जेम्सटाउनच्या कोळीवस्तीत घालवा. शहरात घानाच्याच माणसांनी चालवलेला हिंदू आश्रमही आहे, घानानंद सरस्वती या घानियन संन्याशांनी सुरू केलेला. तिथली आरती ऐका.

जेवण. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण विचारून घ्यावं लागतं. ‘वाचे’ म्हणजे तांदूळ आणि चवळी ज्वारीच्या पानांसोबत शिजवलेली, लालसर दिसते, सकाळी पानात बांधून मिळते. तिच्यावर घालतात ती काळी ‘शितो’ चटणी नाकारा, तिच्यात सुकी मासळी असते. ‘रेड रेड’ म्हणजे पाम तेलातली चवळीची उसळ आणि तळलेली पिकली केळी, सुंदर लागते. मासे नाहीत ना, हे मात्र विचाराच. रात्री रस्त्यावर ‘केलेवेले’ खा, आलं-मिरची लावून तळलेले केळ्याचे तुकडे.

पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस सरकारमान्य केंद्रात घ्या. तिथे उतरताना दाखला लागतो आणि परत येताना इथेही विचारतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. त्या दिवसांत सहारातून धूळ घेऊन हरमट्टन वारा येतो, आभाळ पांढुरकं होतं, ओठ फुटतात. व्हॅसलीन आणि मुलासाठी पाण्याची बाटली जवळ ठेवा.

पैसे किंवा वस्तू डाव्या हातानं देऊ नका, आपल्यासारखाच तिथेही तो अपमान समजतात. आणि दुकानात शिरताच भाव विचारू नका, आधी नमस्कार-चमत्कार, मग काम.

मुलाचा जन्मवार शोधून ठेवा. अकान लोकांत, असांतेही त्यांच्यातलेच, वारावरून नाव असतं: शनिवारचा क्वामे, शुक्रवारचा कोफी, बुधवारचा क्वाकू, रविवारचा क्वासी. तिथे कुणी नाव विचारलं आणि त्यानं वारासकट ते सांगितलं की समोरचा माणूस आपलंही सांगतो, आणि मग गप्पा सुरू होतात.