खाऱ्या टाकीतला कोरल ब्युटी

प्रश्न : माझी 100 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी तीन महिन्यांची असून तिच्यात क्लाउनफिशची जोडी ठणठणीत आहे. आता कोरल ब्युटी हा लहान जातीचा एंजलफिश आणावा, असा मुलांचा हट्ट आहे. टाकी कूलरच्या खोलीत असूनही पाणी 31 अंशांवर जाते आणि पातळी रोज उतरते. ती मी मिठाचे पाणी घालून भरून काढतो. मासा आणावा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : या उन्हाळ्यात आणू नये, आणि मिठाचे पाणी घालणे तर आजच थांबवावे. बाष्पीभवनाने पाणी तेवढे उडून जाते, मीठ मागेच राहते; म्हणून भर नेहमी आरओच्या गोड्या पाण्याची घालायची असते. आतापर्यंत खारेपणा बराच चढला असणार. रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजण्याच्या उपकरणाने) मोजून, टाकीतले थोडे पाणी काढत आणि तेवढेच गोडे पाणी घालत, काही दिवसांत विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता, जिच्यावरून खारेपणा कळतो) सावकाश 1.025 वर आणावे.

कोरल ब्युटीला 24 ते 27 अंश तापमान मानवते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते. पाण्यावर पंखा सोडल्यास ते काही अंश उतरते खरे, परंतु कूलरने खोलीतली हवा आधीच दमट केलेली असल्याने त्याचा गुण फारसा येत नाही. बाहेर पारा 45 अंशांच्या घरात असताना चिलर (टाकीचे पाणी थंड करणारे यंत्र) किंवा वातानुकूलित खोली यांवाचून मार्ग नाही.

दुसरी अडचण टाकीच्या वयाची आहे. हा मासा दिवसभर लाइव्ह रॉकवरचे (टाकीत ठेवलेल्या, सूक्ष्मजीव रुजलेल्या सच्छिद्र दगडांवरचे) शेवाळ टोचून खात फिरतो, आणि तीन महिन्यांच्या दगडावर त्याचे पोट भरेल एवढी वाढ सहसा नसते. वरून दिलेले खाद्य त्याने घेतले नाही, तर तो हळूहळू खंगत जातो. टाकी किमान 250 लिटरची, लपण्याजोग्या कपारींची आणि जुनी मुरलेली असावी. त्यात या गटातला एकच मासा ठेवावा, कारण दुसरा आला की हद्दीवरून मारामारी ठरलेलीच. क्लाउनफिशशी मात्र त्याचे सहसा जमते. पुढे प्रवाळ ठेवायचा विचार असेल, तर काही कोरल ब्युटी मांसल प्रवाळांना चोची मारतात, हे आधीच लक्षात घ्यावे.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला आपल्यासमोर खाद्य टाकायला सांगावे. जो खात नाही तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. घरी आणल्यावर, रोग नाही ना हे पाहण्यासाठी, काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. तेथे तांबेयुक्त औषध वापरण्याची वेळ आलीच, तर चाचणी किटने मात्रा तपासत जावे, कारण लहान एंजलफिशना तांबे फारसे सोसत नाही.