संपकऱ्यांना गोळ्या घाला म्हणणाऱ्या ब्रिटिश टीव्ही सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसनवर कारवाई झाली होती का?

नाही, बीबीसीने आणि त्याने माफी मागितली, पण नोकरी गेली नाही. ३० नोव्हेंबर २०११ रोजी ब्रिटनमध्ये पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप होता. त्याच संध्याकाळी बीबीसीच्या 'द वन शो' या कार्यक्रमात तो म्हणाला की, संपकऱ्यांना कुटुंबासमोर गोळ्या घालायला हव्यात. २१ हजारांहून जास्त तक्रारी आल्या. युनिसन या कामगार संघटनेने तर हकालपट्टीच मागितली. प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉमला मात्र संदर्भ पाहता नियमभंग आढळला नाही. एक गोष्ट लक्षात घ्या: आधी त्याने संपाचं कौतुक केलं होतं आणि 'बीबीसी आहे, समतोल हवा' म्हणत हे वाक्य टाकलं होतं. बातम्यांत बहुधा शेवटचं वाक्यच दिसतं. तरीही त्या दिवशी संपावर असलेल्या नर्सला, शिक्षकाला ते मनाला लागलं, यात मला काही गैर वाटत नाही.