ब्रीदरची नळी: जागा बरोबर, नळी चूक

प्रश्न : माझ्याकडे 2002 ची कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट 350 आहे. एअर फिल्टरमध्ये सारखं ऑइल यायचं, कार्बुरेटरचं तोंडही ओलं राहायचं. मुलाने मोबाइलवर बघून इंजिनाच्या ब्रीदरला (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाला) जोडलेली पत्र्याची डबी (कॅच कॅन) काढून टाकली आणि ब्रीदरची नळी थेट मागच्या नंबर प्लेटपर्यंत नेली. नळी म्हणून घरातलीच ठिबकची 16 मिलीमीटरची लॅटरल वापरली. आठवडाभर झकास चालली. आता क्लचच्या बाजूने आणि टायमिंग कव्हरमधून ऑइल गळतंय, रोज एक पॅन्ट वाया. नळी चुकीच्या जागी नेली का? फोटो सोबत पाठवला आहे. (एक केळी बागायतदार, ता. रावेर)

उत्तर : दादा, जागा बरोबर आहे, नळी चुकली. फोटो मोठा करून पाहिला. बॅरलच्या मागून वळताना तुमची लॅटरल चपटी झाली आहे, वावरात तिच्यावर बैलाचा पाय पडावा तशी. पुढे शॉकअॅब्सॉर्बरपाशी ती खाली लोंबते आहे, आणि त्या झोळात काळं काहीतरी साचलेलं दिसतं. या दोन ठिकाणी इंजिनाचा श्वास कोंडतो आहे.

आता हा श्वास किती मोठा ते बघा. तुमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 70 आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 90 मिलीमीटर, म्हणजे 346 सीसी. पिस्टनच्या डोक्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण येतं आणि जळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तोच पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या बुडाखालची, क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पोटातली), जवळपास तेवढीच हवा दाबली जाते. 3000 आरपीएमला हे सेकंदाला पन्नास वेळा घडतं. एकच सिलिंडर असल्याने एकाची हवा दुसऱ्याने सामावून घेण्याची सोय नाही. त्यात पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा जळका गॅस रोज खाली उतरतो. हे सगळं बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर. ती वाट अडली की दाब दुसरी वाट शोधतो, आणि दुसरी वाट म्हणजे गॅस्केट आणि ऑइल सील. तुमची पॅन्ट त्या वाटेवर आहे.

ठिबकच्या नळीला दोष देत नाही, तिचं काम वावरात आहे. ती 16 म्हणजे बाहेरून 16, आतून त्याहून कमी. आणि ती प्लास्टिकची आहे. मे महिन्यात रावेर-भुसावळला पारा पंचेचाळीसला भिडतो, त्यात गरम बॅरलच्या शेजारी ती मेणासारखी नरम पडणारच. तिथे नायट्राइल रबराची, कापड विणलेली ऑइल होज लागते. ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात ती फुटावर कापून देतात. इंजिनावर जी नळकांडी आहे तिच्यापेक्षा होज आतून बारीक नको. मोठी चालेल, लांबी जास्त असेल तर मोठीच घ्या. दोन्ही टोकांना होज क्लिप लावा, तार पिरगाळू नका.

पण नळी बदलण्याआधी दुसरी गोष्ट. मुळात फिल्टरमध्ये ऑइल का येत होतं? मुलाने उत्तर बदललं, प्रश्न तसाच राहिला. माझ्याकडे या तक्रारीची बुलेट आली की मी आधी एकच विचारतो : ऑइल कधी मोजता? दहातले निम्मे सांगतात, सकाळी, गाडी काढायच्या आधी. या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला आहे. गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँकखाली उतरतं. सकाळी डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस घाबरून पाव लिटर ओततो. गाडी चालू झाली की पंप खालचं ऑइल वर आणतो, टाकी भरून सांडते आणि जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून बाहेर. म्हणून गाडी चार-पाच मिनिटं चालवा, बंद करा, मग लगेच मोजा. जास्त असेल तर काढून टाका. कित्येकांचा रोग इथेच संपतो आणि होजचे पैसे वाचतात.

तरी ऑइल आलंच, तर रिंगा बघा. कॉम्प्रेशन गेज असेल तर रीडिंग घ्या, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घ्या. रीडिंग चांगलंच वाढलं तर रिंगा किंवा बोअर गेले. वाढलं नाही तर व्हॉल्व्हकडे बघा. रिंगा गेलेल्या इंजिनाची नळी दिल्लीपर्यंत नेलीत तरी ऑइल येणार.

हे दोन्ही ठीक निघालं, तर मग खुशाल नळी फिरवा, मी स्वतः दोन वेळा केलंय. पहिल्यांदा केलं ते सांगायला लाज वाटते. आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलो होतो, अंगात शहाणपण मावत नव्हतं. नळीचं तोंड चेनच्या वर सोडलं, म्हटलं, फुकटात चेनला ऑइल. तोरणमाळच्या घाटात उतरताना मागचं चाक एका वळणावर साबणावर पाय पडावा तसं सरकलं. टायरच्या डाव्या कडेवर ऑइलचा बारीक फवारा बसला होता. गुडघ्यावरचा व्रण अजून आहे. तेव्हापासून नळीचं तोंड टायर, चेन आणि ब्रेकचा ड्रम या तिघांपासून लांब.

तर करायचं असं. इंजिनापासून नळी आधी वर चढू द्या, सीटखालपर्यंत. वर चढताना गार झालेलं ऑइल थेंब थेंब परत इंजिनात उतरतं आणि पुढे फक्त वाफ जाते. तिथून मागे एकसारखा उतार, मध्ये कुठेही झोळ नको. झोळात पाणी आणि ऑइल साचलं की बूच बसल्यासारखंच. शेवटचं तोंड तिरकं कापून खाली वळवा, पावसाचं पाणी आत ओढलं जाणार नाही.

आत ओढलं जाणं ही खरी मेख आहे. पिस्टन वर जाताना क्रँककेस हवा ओढतो, आणि उघड्या नळीतून तो काय ओढणार? तुमच्याकडे केळीच्या मळ्यातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी काळ्या मातीची भुकटी रस्त्यावर घातलेली असते, ती ओढणार. ती ऑइलमध्ये मिसळली की बेअरिंगांसाठी सँडपेपरच. म्हणून नळीत वन-वे व्हॉल्व्ह हवाच, हवा बाहेर सोडणारा आणि आत न घेणारा. बदकाच्या चोचीसारखं रबर मिळतं, त्याच्या फटीची कड कडक झाली नाही ना ते बोटाने दाबून बघा. कारच्या ब्रेक बूस्टरच्या नळीतला व्हॉल्व्हही चालतो. कारचा पीसीव्ही व्हॉल्व्ह मात्र बरेच जण दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतात; तो हवा मोजून सोडायला बनवलेला असतो, त्यातले सगळे पूर्ण बंद होत नाहीत. विकत घेण्याआधी दोन्ही बाजूंनी तोंडाने फुंकून बघा. एका बाजूने जायला हवं, दुसऱ्या बाजूने अजिबात नको. इंजिनाच्या जितका जवळ बसवाल तितकं चांगलं.

बसवल्यावर गाडी चालू करून नळीच्या तोंडावर अंगठा ठेवा. व्हॉल्व्ह नसेल तर अंगठा ढकलला जातो आणि ओढलाही जातो. व्हॉल्व्ह चांगला असेल तर फक्त ढकल जाणवते.

एक राहिलं. फोटोत टायमिंग कव्हरच्या वरच्या भोकात लाकडाची खुंटी दिसते. डबीतून ऑइल परत यायची नळी तिथे होती ना? ती खुंटी आज काढा, लाकडाचे तंतू आत जातात. योग्य आट्यांचा बोल्ट कॉपर वॉशर लावून बसवा. फिल्टरच्या डब्याचं उघडं भोकही रबरी टोपणाने बंद करा, नाहीतर तिथूनही भुकटी.

आणि डबी भंगारात देऊ नका. क्रँककेसचा गॅस हवेत जाऊ नये, फिल्टरमधून परत इंजिनात जाऊन जळावा, म्हणून ती दिलेली होती. मन बदललं तर परत लावता येईल. निदान नळीच्या टोकाला एक छोटी बाटली बांधा, झाकणाला भोक पाडून. भोक विसरलात तर पुन्हा मला पत्र.

प्रश्न : माझी 100 सीसीची बीएस-6 गाडी आहे. ब्रीदरची नळी फिल्टर बॉक्समधून काढून तिला छोटा कोन फिल्टर लावला तर पिकअप वाढेल का? (विद्यार्थी, अमळनेर)

उत्तर : नाही वाढणार. 1 एप्रिल 2020 नंतरच्या गाड्यांत क्रँककेसचा गॅस बाहेर सोडायचाच नाही असा नियम आहे, आणि इंजेक्शनची सगळी मांडणी ती नळी जागेवर आहे असं धरून केलेली असते. फिल्टर बॉक्सच्या बुडाशी बूच असलेली छोटी पारदर्शक नळी शोध. तिच्यात ऑइल-पाणी दिसलं तर बूच काढून रिकामी कर. सारखी भरत असेल तर सर्व्हिसिंगला ऑइलचा अख्खा डबा ओतला जातोय का ते बघ. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच ऑइल, थेंबभर जास्त नको.

प्रश्न : हिवाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखं पांढरं जमतं. शाळा घरापासून दोन किलोमीटर. हेड गॅस्केट गेलं का? (शिक्षिका, धुळे)

उत्तर : ताई, तुमच्या गाडीचं इंजिन हवेने गार होणारं आहे, त्यात पाणी फिरतच नाही, मग गॅस्केटमधून ते येणार कुठून? जळालेल्या पेट्रोलमधली वाफ आहे ती. दोन किलोमीटरात इंजिन तापत नाही, वाफ ब्रीदरमधून निघून जात नाही, झाकणाला गार लागून ऑइलमध्ये घुसळली जाते. रविवारी गाडी काढा आणि हायवेने पंचवीस-तीस किलोमीटर फिरून या. लोणी वितळेल. हिवाळाभर असंच छोटं छोटं फिरणं असेल तर ऑइल थोडं लवकर बदला.

प्रश्न : नळीच्या तोंडाला बोल्ट ठोकून ती बंदच केली तर? (वाचक, शहादा)

उत्तर : आमच्या गावी एकाने केलं होतं. वडिलांनी गाडीखालचं तळं बघितलं आणि म्हणाले, “गाडी नही भो, म्हैस शे ही.” बोल्ट काढा.