डोकं हलतंच, आधी आलेख बघ
एफएमआरआयच्या (मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनच्या) डेटावर रीअलाइनमेंट केलं म्हणजे डोक्याच्या हालचालीचा प्रश्न मिटला, असं समजू नकोस. त्याने प्रतिमा एकमेकींवर नीट बसतात, एवढंच. डोकं हललं त्या क्षणी सिग्नलमध्ये झालेली गडबड तशीच राहते. म्हणून स्कॅन केलेल्या प्रत्येकाच्या हालचालीच्या सहाही पॅरामीटरचे (तीन दिशांना सरकणं, तीन अक्षांभोवती फिरणं) आलेख स्वतः उघडून बघ. सावकाश सरकणारी रेघ त्यामानाने सोसते, अचानक उठलेलं टोक मात्र घात करतं. रेस्टिंग-स्टेटमध्ये (काही काम न देता, नुसतं पडून घेतलेल्या स्कॅनमध्ये) तर ०.२ मिलिमीटरच्या आसपासचे धक्केही मेंदूच्या जवळजवळच्या भागांमधला संबंध फुगवून दाखवतात. हे पॅरामीटर रिग्रेशनमध्ये (सिग्नलमधला हालचालीचा वाटा काढून टाकणाऱ्या गणितात) घाल, खराब फ्रेम (डोकं हललं त्या क्षणांच्या प्रतिमा) गाळ. कोणाला वगळायचं ती मर्यादा मात्र निकाल बघण्याआधीच लिहून ठेव, हे अगदी कळकळीने सांगतो. रुग्ण आणि निरोगी, दोन्ही गटांची सरासरी हालचालही ताडून बघ; रुग्ण जास्त हलले असतील, तर दिसलेला फरक आजाराचा की हालचालीचा, हे सांगता येणार नाही.