हळदीचा अर्क इस्ट्रोजेन रिसेप्टरला खरेच बांधला जातो का?

प्रश्न : सातपुड्याच्या पायथ्याशी मिळणारी शतावरी आणि घरची हळद यांच्या अर्कांतील घटक इस्ट्रोजेन रिसेप्टरला (इस्ट्रोजेन हे संप्रेरक धरून घेणाऱ्या पेशीतील प्रथिनाला) बांधले जातात का, हे आम्ही फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग जोडलेला लायगँड (रिसेप्टरला बांधला जाणारा रेणू) घेऊन ध्रुवण पद्धतीने, म्हणजे त्याचा प्रकाश एकाच प्रतलात किती टिकतो हे मोजून, तपासत आहोत. हळदीचा अर्क घालताच ध्रुवणाचा आकडा झपाट्याने उतरतो. अर्क रिसेप्टरला बांधला गेला, असे प्रबंधात लिहावे का?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : एवढ्यात लिहू नये. रिसेप्टरसारख्या अवजड प्रथिनाला धरून बसलेला हा चमकणारा लायगँड सावकाश फिरतो, म्हणून त्याच्या प्रकाशाचे ध्रुवण टिकून राहते. आपल्या अर्कातील घटकाने त्याला जागेवरून हुसकावले की तो सुटा होऊन भराभर फिरतो आणि आकडा उतरतो. मात्र हळदीतील कर्क्युमिन स्वतःच हिरवट-पिवळे चमकते आणि 485 नॅनोमीटरच्या प्रकाशाने थोडेफार उत्तेजितही होते. सुट्या, लहान रेणूचा हा प्रकाश मोजणीत मिसळला, तर रिसेप्टरला कोणी स्पर्शही केलेला नसताना आकडा खाली येऊ शकतो.

म्हणून आधी एकूण तीव्रता पाहावी, म्हणजे उत्तेजक प्रकाशाच्या प्रतलाला समांतर प्रकाश अधिक त्याला लंब प्रकाशाची दुप्पट. अर्काने लायगँडला खरोखर हुसकावले असेल, तर ती साधारण स्थिर राहते. प्लेटवरील हळदीच्या खाचांत ती अर्क न घातलेल्या नियंत्रण खाचांपेक्षा चढलेली आढळली, तर संशय घ्यावा. लायगँड वगळून, पण अर्क, बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) आणि रिसेप्टर घालून काही खाचा वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांचे समांतर व लंब वाचन मूळ वाचनातून स्वतंत्रपणे वजा करून मगच ध्रुवण काढावे. ध्रुवणाचे तयार आकडे एकमेकांतून वजा करण्याची पद्धत काही प्रयोगशाळांत दिसते, ती चुकीची आहे. शतावरीच्या अर्काची अडचण निराळी आहे. त्यातील सॅपोनिन या साबणासारख्या घटकामुळे फेस येतो, खाचेतील बुडबुडा प्रकाश विखुरतो आणि मात्रा जास्त झाल्यास प्रथिनही बिघडू शकते. तेव्हा प्लेट वाचण्यापूर्वी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवून घ्यावी.

सोय असल्यास टर्बियम या धातूवर आधारित, उशिराने मोजण्याची पद्धत निवडावी. फ्लुओरेसीन किंवा कर्क्युमिनचा प्रकाश काही नॅनोसेकंदांत विझतो, टर्बियमचा मात्र मिलिसेकंदांपर्यंत टिकतो. त्यामुळे 340 नॅनोमीटरचा झोत दिल्यानंतर सुमारे 100 मायक्रोसेकंद थांबून मोजले, की अर्काची स्वतःची चमक बाजूला पडते. तरीही कर्क्युमिनबाबत हात आखडता ठेवावा, कारण ते अनेक चाचण्यांत खोटे होकार देण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे.

आणखी एक बाब मार्गदर्शकांशी बोलून घ्यावी. या चाचणीत केवळ बांधणी कळते, रिसेप्टर चालू झाला की बंद पडला, हे कळत नाही. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरील औषधही इस्ट्रोजेनच्याच खोबणीत बसते, परंतु तेथे बसल्यावर रिसेप्टरचे बारावे हेलिक्स (मळसूत्री वळणाचा भाग) सरकते आणि रिसेप्टरच्या कामाला मदत करणाऱ्या सहकारक प्रथिनाची जागा अडते. इस्ट्रोजेनसारखा परिणाम होतो, असे प्रबंधात म्हणायचे असेल, तर सहकारक प्रथिनाचा छोटा तुकडा (पेप्टाइड) रिसेप्टरला येऊन चिकटतो का, याची चाचणी स्वतंत्रपणे करावी लागेल.