घरमालकांना बाजारभाव कळवताना
घरांच्या खरेदी-विक्रीच्या या व्यवसायात नव्याने आलेल्या सहकाऱ्याला माझे पहिले सांगणे असे की, घरमालकांना परिसरातील भाव कळवताना जाहिरातीतील अपेक्षित किंमत आणि व्यवहार झालेली किंमत यांची गल्लत कधीही करू नये. मालकाच्या लक्षात शेजाऱ्याने सांगितलेला आकडा राहतो. ज्या घराचा तो आकडा, ते घर किती दिवस पडून होते आणि अखेरीस कितीला गेले, हे आपणच सांगायला हवे. सुरुवातीलाच भाव चढा लावला, की खरे गरजू ग्राहक पहिल्या काही आठवड्यांतच दुसरीकडे वळतात, आणि पुढे किंमत उतरवली तरी घरातच काही खोट असावी, हा संशय मागे उरतो. रंगकाम सुचवण्याआधी भिंतीतील ओल कुठून येते, ते शोधायला सांगावे. गळती तशीच ठेवून दिलेला रंग फुगून सुटतो. कागदपत्रे मात्र घर दाखवण्यापूर्वीच तपासावीत.