‘याला बाळाजवळ एकटं सोडायची भीती वाटते’

“अहो, जीव लावतो तो तिला. आणि पुढच्याच क्षणी ढकलून देतो. मी स्वयंपाकघरात असले तरी कान बाहेरच असतात.” ७ वर्षांच्या मुलाची आई सांगत होती. मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा आणि विचार करण्याआधीच कृती होणं. बहीण १४ महिन्यांची. शब्द बदलतात, पण ही तक्रार माझ्याकडे सतत येते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी आईला वही करायला सांगितली. ८ दिवस तीनच गोष्टी लिहायच्या: ढकललं तेव्हा किती वाजले होते, लगेच आधी काय झालं, नंतर घरातल्यांनी काय केलं. ११ नोंदी झाल्या, त्यातल्या ८ संध्याकाळी ६ ते ७.३० मधल्या. शाळा आणि ट्यूशन करून आलेला, भुकेला मुलगा ठोकळ्यांचं घर रचतो. बाळ लुटुलुटु येऊन ते पाडतं. ढकललं की आई, बाबा, आजी तिघंही धावत येतात. एरवी त्या वेळात त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं.

मी त्याला विचारलं, “बाळाला काय करायचं नाही?”

बोटं मोजत त्याने भराभर सांगितलं, “मारायचं नाही, ढकलायचं नाही, उचलायचं नाही, गाल ओढायचे नाहीत, जवळ जायचं नाही.”

“मग काय करायचं?”

तो गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, “ते कुणी सांगितलंच नाही.”

सगळी गोम इथे होती. भावंड आलं की थोरल्याचं सिंहासन जातं, असं मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅल्फ्रेड अ‍ॅडलर म्हणत. मीही त्याच विचाराची. घरात आपली जागा प्रत्येक मुलाला हवी असते. उपयोगी पडून मिळाली नाही, तर उपद्रव करून ती मिळवली जाते.

पुढच्या वेळी आईला कणकेचा गोळा आणायला सांगितला. “यावरून हात फिरव, पण ठसा उमटू द्यायचा नाही.” पहिल्यांदा पाचही बोटं रुतली. त्याला वाटत होतं, आपण हळूच हात लावतोय! अशा बऱ्याच मुलांना आपल्या हाताच्या जोराचा अंदाज येत नाही. सहाव्या खेपेला गोळा तसाच गुळगुळीत राहिला. त्याने श्वास सोडला आणि आईकडे पाहिलं. ती नजर पाहिली आणि काम मार्गी लागल्याचं मला कळलं.

मग घरी असाच हात फिरवायला बाळाची पाठ आणि पावलं या दोनच जागा ठरल्या. रोज १० मिनिटं, पोटात काही गेल्यावर, मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं. ठोकळे जेवणाच्या टेबलावर, बाळाचा हात पोचणार नाही असे. डायपर आणून देणं हे त्याचं काम. आणि बाळ नसताना आईची १५ मिनिटं फक्त त्याची. ती शिक्षा म्हणून कधीही कापायची नाहीत.

तरीही मारलं तर? आधी बाळाला उचला. मुलाला एकच वाक्य: “मारायचं नाही.” भाषण नको, जबरदस्तीचं सॉरी तर नकोच. तो शांत झाला की बाळाच्या पाठीवरून हात फिरवणं पुन्हा करून घ्या. दुसऱ्या आठवड्यात मारणं वाढू शकतं, कारण धावाधाव थांबलेली असते आणि मुलगा जुनाच उपाय जोर लावून करून पाहतो. बरेच पालक नेमके इथे सोडून देतात. या आईने सोडलं नाही. सहाव्या आठवड्यात वहीत २ नोंदी होत्या.

“जरा बघ हं हिच्याकडे” म्हणून मात्र एक मिनिटही जाऊ नका. राखण हे त्याचं काम नव्हे. सोसायटीतल्या लहान मुलांबाबतही तेच. अशा बऱ्याच मुलांना आपल्याहून लहानांत खेळायला आवडतं, खुशाल खेळू द्या. पण अर्धा तास, आणि आधी खाऊन.

मूल लपून, ठरवून इजा करत असेल, गळा दाबत असेल किंवा प्राण्यांना छळत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा.